बिनलशीची बाई

डोकं दुखलं तर बाईला कपाळाला फडकं बांधून चारचौघींत बसता येतं. दाढ दुखली तर शेजारीण लवंग आणून देते. ताप आला तर अर्धी वस्ती येऊन कपाळाला हात लावून जाते. माझ्या दुखण्याचं नाव काढायचं तर मात्र आधी तोंडावर पदर घ्यावा लागे. मला परसाकडं लागे. सकाळी, भर दुपारी, वर्गात पाढे चालू असताना, पाहुण्यांपुढं चहाचा कप धरताना. लागलं की लागलं, घटकाभर दम धरायची सोय नाही. आणि बसलं की रक्त पडे. तेविसाव्या वर्षी, लग्नाचं बोलणं चाललेल्या पोरीनं हे कुणाला सांगायचं आणि कोणत्या तोंडानं?

आमचं गाव आळंद तालुक्यातलं, मादन हिप्परग्याच्या अलीकडचं. राज्याचं नाव अजून म्हैसूर होतं. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. दीक्षा घेऊन आम्ही बौद्ध झालो त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी वरच्या आळीतले लोक वस्तीचं जुनंच नाव घेत. मी वस्तीतली पहिली मॅट्रिक झालेली पोरगी. ट्रेनिंग करून आले आणि वस्तीला लागून असलेल्या एका खोलीच्या मराठी शाळेवर बाई म्हणून लागले. लोक मला नावानं हाक मारायचे बंद झाले. माझी चुलतआजीसुद्धा ‘बाई’ म्हणायची, आणि म्हणताना स्वतःच हसायची.

पूर्वी रोगराई आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर ओढून न्यायचं काम आमच्या लोकांचं. माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणत असू, तरुणपणी त्या गाड्याला जुंपलेले. दीक्षा घेतली त्याच आठवड्यात त्यांनी घरातला मरीआईचा तांदळा, म्हणजे शेंदूर फासलेला धोंडा, उचलला, ओढ्याच्या डोहात टाकला आणि घरी येऊन हात धुऊन जेवायला बसले. वरची आळी म्हणाली, “बघू की. देवी आली म्हंजे कळंल.” ते वाक्य अप्पांच्या डोक्यात घर करून बसलं. त्यांना कधी कुणी भांडणात हरवलं नाही, पण या एका वाक्याला त्यांच्याकडं उत्तर नव्हतं, कारण देवीचा रोग आलाच नव्हता.

मग एका उन्हाळ्यात शेजारच्या गावात देवीचा रोगी सापडला. आसपासच्या सगळ्या गावांत लस टोचायची असं ठरलं. लहानपणी टोचलेलं असो वा नसो, दंडावर जुनी खूण असो वा नसो, सगळ्यांनी नव्यानं घ्यायची. वरच्या आळीत कुरकुर सुरू झाली, आईचा कोप होईल, सुई नको. आणि अप्पा? खोटं कशाला बोलू, अप्पांना उभारी आली. ते चावडीवर गेले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, “आमच्या वस्तीत एक दंड बिनलशीचा ऱ्हानार न्हाई. पयला हात माझ्या लेकीचा. तिच्यामागं माझा. मग बगा तुमची देवी कुनाला धरती ते.”

घरी येऊन त्यांनी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. माय भाकऱ्या थापत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं पाहिलं. तव्यावरची भाकरी करपली.

कारण असं होतं, की आदल्या हिवाळ्यात माय मला ‘माहेरी जाऊन येते’ म्हणून सोलापूरला घेऊन गेली होती. मामा तिथं गिरणीत कामाला. त्यानं मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं मला टेबलावर कुशीवर झोपवून, गुडघे पोटाशी घ्यायला लावून, खालून नळी घालून तपासलं. शिकाऊ डॉक्टरांचा घोळका बघत उभा. मी भिंतीवरच्या डागाकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, जमीन दुभंगत असली तर आत्ताच दुभंगू दे. डॉक्टर म्हणाले, आतड्याला आतून जखमा आहेत, हा रोग जाणारा नाही, दाबून ठेवायचा आहे. पिवळ्या मोठ्या गोळ्या दिल्या आणि पांढऱ्या बारक्या. बारक्या गोळ्यांबद्दल त्यांनी दोनदा बजावलं. एक, मनानं बंद करायच्या नाहीत. दुसरं, या चालू असेपर्यंत देवीची लस टोचून घ्यायची नाही. “ती लस जिवंत असते,” ते म्हणाले. “दुसऱ्याच्या दंडावर एक फोड येऊन जातो. तुमच्या अंगाला या गोळ्यांमुळं ती आवरणार नाही, सगळीकडं पसरेल.”

पुढं या रोगाचं नाव मला पाठ झालं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. त्यानंतर आयुष्यात जी सुई समोर आली तिला मी आधी एकच प्रश्न विचारला, जिवंत की मेलेली? धनुर्वाताची सुई मी निर्धास्त घेतली. यात्रेच्या दिवसांत एस. टी. स्टँडवर पटकीची टोचत, तीही घेतली. आमच्यासारख्यांना साधा रोगही जास्त छळतो, म्हणून मेलेल्या लशी उलट चुकवूच नयेत, हेही नंतरच्या डॉक्टरांनी समजावलं. आळंदच्या नर्सबाई हसायच्या, म्हणायच्या, “या बाई लशीची पत्रिका बघतेत.” हसा बापडे. पण हे शहाणपण सगळं नंतरचं. तेव्हा माझ्याजवळ फक्त ताकीद होती आणि ती कुणाला सांगायची बंदी.

बंदी मायनं घातलेली. सोलापूरहून परत येताना एस. टी.त ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, “ह्यातलं एक अक्षर अप्पाच्या कानावर जायाचं न्हाई. त्यांच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. भालकीवाल्यांना कळलं तर झालं मग. लोक काय रोग म्हनून थांबत्यात व्हय? पोरीला रगत पडतंय म्हनल्यावर काय काय बोलतील ठावं हाय का तुला?”

ठाऊक होतं. म्हणून मी हूं म्हटलं. भालकीकडच्या स्थळाचा मुलगा पोस्टात होता, शिकलेली मुलगी हवी म्हणत होता, हुंड्याचं नाव काढत नव्हता. मायला तो सोडवत नव्हता.

गंमत अशी, की त्या बारक्या गोळ्यांनी माझं तोंड फुगलं. गाल वर आले, हनुवटीखाली मांस आलं. सगळ्या वस्तीला वाटलं, बाईला पगार मानवला. “काय गं, गाल बगा की, तळल्या पुरीवानी!” म्हणून बायका माझा गाल ओढायच्या. मी हसायचे. गाल ओढून झाला की परत पोटात कळ यायची आणि मी काहीतरी निमित्त काढून सटकायचे.

सटकायचं कुठं, हाच खरा पेच. वस्तीतल्या बायका पहाटे अंधारात किंवा दिवस बुडाल्यावर पाणंदीनं जात. दिवसा त्या पाणंदीनं गुरं, गाड्या, शेतावरचे गडी. दिवसा मोकळी जागा एकच होती, मरीआईच्या देवळामागचा ओढा. देऊळ म्हणजे काय, चार दगड आणि वर पत्रा. वस्तीनं देवी सोडल्यापासून आमच्यातलं कुणी तिकडं फिरकत नव्हतं, आणि वरच्या आळीचे लोक वाराला तेवढे येत. देवळाच्या मागं उतरलं की बाभळी दाट. कुणाच्या नजरेला पडायचं नाही.

आता डबडं घेऊन दिवसाढवळ्या निघालं की कुत्र्यालासुद्धा कळतं माणूस कुठं चाललंय. म्हणून मी डबडं टाकलं आणि शाळेत एक पितळी तांब्या ठेवला. घासून लख्ख केलेला, भरलेला, वर पदराचं टोक. बघणाऱ्याला वाटावं, शेतात कुणाला तरी पाणी न्यायलीय. ओढ्यात डुकरं फार, बसू देत नसत. त्यांना हाकलायला मी वाटेवरच्या लिंबाचा एक डहाळा मोडून घेत असे. मला माझ्या हुशारीचं मोठं कौतुक होतं.

लस टोचणारे साहेब आले ते सकाळच्या बसनं. खाकी पिशवी, दोन टोकांची सुई, स्पिरिटचा दिवा. त्यांनी शाळेच्या ओसरीत टेबल मांडलं. अख्खी वस्ती जमली. अप्पा धुतलेला सदरा घालून, बाही वर सारून उभे. साहेब बिदरकडचे, दखनीत बोलणारे. मला म्हणाले, “बाई, पैले तुमे लेव. तुमे लिये तो पूरी बस्ती लेती.”

माझ्या पोटात त्याच वेळी पिळवटून आलं. भीतीनंही येतं ते. मी म्हणाले, “आज अंगात कणकण हाय माझ्या. उद्या घेते.”

साहेबांनी खांदे उडवले. तापात टोचायचं नाही, हे त्यांनाही माहीत होतं. ते म्हणाले, मग बाकीचे या. तर अप्पा आडवे. “न्हाई साहेब. पयला हात लेकीचा म्हनून मी चावडीवर सांगितलंय. शब्द म्हंजे शब्द. उद्या तर उद्या.” झालं. अप्पा थांबले म्हणून वस्ती थांबली. साहेबांना एका बाजूला घेऊन सांगावं असं माझ्या मनात आलं होतं. पण परका पुरुष, शिवाय मोठ्या आवाजाचा. ‘क्या बीमारी बोले?’ म्हणून त्यानं ओसरीतून विचारलं असतं तर? मी सांगितलं नाही. वर्गातून तांब्या उचलला आणि मागच्या बाजूनं निघाले.

त्या दिवशी मी कितीदा गेले कुणास ठाऊक. जीव घाबरला की माझं आतडं नुसतं वाहायचं.

दिवेलागणीला चुलतआजी आली. अप्पांची चुलती, आमच्याच भिंतीला भिंत लागून राहणारी. वाईट बाई नव्हती, उलट जीव लावणारी. ती आली ती कुजबुजत, तोंडभर हसत. अप्पांच्या शेजारी टेकली आणि म्हणाली, “लेका, तुझी पोरगी तुज्यापरीस शानी हाय बग. हातात तांब्या, हातात लिंबाचा डहाळा, पदर डोक्यावर. आज दिसभर आईला पानी घालायलीय. म्या डोळ्यानं बगितलं. म्हनूनच तर सुई घेईना ती. बरं केलं माय. एवढ्या वर्सांनी कुनाला तरी आठवन झाली आईची.”

रोगाच्या दिवसांत बायका देवीला थंड करायला पाणी घालत, लिंब वाहत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या हातात तांब्या होता, लिंब होता, रस्ता देवळाचा होता, आणि हे तिन्ही एकत्र कसे दिसतील हे माझ्या, मॅट्रिक झालेल्या, टाळक्यात एकदाही आलं नव्हतं.

आजी गेल्यावर त्यांनी मला पुढं बोलावलं. आवाज चढवला नाही, हेच भिण्यासारखं होतं.

“खरं सांग. गेलतीस का देवळाकडं?”

“व्हय,” मी म्हणाले. देवळाकडं गेले होते हे खरंच होतं.

“कामून गेलतीस? पानी घालाया?”

माय चुलीपाशी होती. तिनं मान वर केली आणि डोळ्यानं मला खुणावलं. ती खूण मला कळली. हे बरं हाय, हेच म्हन. देवीला भिऊन पाणी घातलं म्हटलं तर अप्पा रागावतील, चार दिवसांनी विसरतील, भालकीवाल्यांना त्याचं काही नाही. मला दोन लाजांतली एक उचलायची होती. एक अप्पांची लाज होती, एक माझी. मी माझी वाचवली. मी मान हलवली.

अप्पांनी मारलं असतं तर सोपं झालं असतं. ते नुसते बघत राहिले आणि मग म्हणाले, “मी डोहात टाकलेला धोंडा तू बाहेर काढलास.” ताट सारलं आणि उठून गेले. मी जेवले. हे सांगताना कान तापतात माझे, पण मी जेवले, कारण उपाशीपोटी त्या गोळ्या घेता येत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळा उघडायला निघाले तर समोरून तीन बायका चाललेल्या. हातात तांबे, लिंबाचे डहाळे. त्यांत चुलतआजी पुढं. मला बघून तिघी ओळखीचं हसल्या, जणू आम्ही एका कटातल्या. एक म्हणाली, “बाई करायल्यात म्हनल्यावर आमाला काय भ्या? सुई बी घिऊ आन पानी बी घालू.” दुसरी म्हणाली, “सुई कशाला मग?” मागून अजून दोघी येत होत्या.

वरच्या आळीतला एक शेतकरी बैल घेऊन त्याच वाटेनं चालला होता. तो थांबला. बायकांकडं बघितलं, शाळेच्या ओसरीत उभ्या असलेल्या अप्पांकडं बघितलं आणि खुशीत येऊन ओरडला, “आलात म्हना की वळनावर! आमी म्हनतच हुतो, आईला सोडून कुठं जाताव?”

माझ्या बापाला कुणी डिवचावं आणि त्यांनी गप्प राहावं हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. ते साहेबांकडं वळले. वर सारलेली बाही खाली ओढली, बटण लावलं. म्हणाले, “साहेब, तुमी पुढच्या गावाला जावा. हितं माज्या शब्दाला आता किंमत न्हाई. माज्याच घरातनं गेली.”

साहेब म्हणाले, “अरे, लेकिन...” अप्पा म्हणाले, “जावा साहेब.” साहेबांनी दिवा विझवला. सुया डबीत भरायला लागले. जमलेले लोक एकमेकांकडं बघत पांगायला लागले. शेजारच्या गावात माणूस देवीच्या फोडांनी भरलेला पडला होता, आणि इथं माझ्या परसाकडच्या तांब्यापायी वस्ती बिनलशीची राहणार होती. बापानं वर्षानुवर्षं पेललेलं सगळं त्या तांब्यात बुडायला निघालं होतं.

मी काही धीराची बाई नव्हे. मला राग आला, एवढंच झालं. कुणाचा ते आजही धड सांगता येत नाही. आजीचा, त्या बैलवाल्याचा, मायच्या खुणेचा, माझ्या सुजलेल्या गालांचा. मी त्या बायकांच्या वाटेत आडवी झाले आणि ओरडले, “म्हातारे, ठेव तो तांब्या! कुनी पानी घातलंय तुझ्या आईला? मी हागायला जातीय तिकडं, हागायला!”

बैलवाल्याचं हसू तोंडातच राहिलं.

मग मला आवरेना. “दिवसातनं दहादा जाते. पोटात जखमा हायत माज्या. रगत पडतंय. दिसू नये म्हनून तिकडं जाते, डबडं दिसू नये म्हनून तांब्या नेते, आन लिंब डुकरं हाकलायला! सोलापूरच्या डाक्टरनं गोळ्या दिल्यात. त्या चालू असताना ही लस घेतली तर अंगभर फुटंल म्हनून सांगितलंय. म्हनून घेईना मी. भिऊन न्हाई, देवीपायी न्हाई.” हे सगळं मी शाळेच्या ओसरीसमोर, माझ्या विद्यार्थ्यांच्या आयाबापांपुढं, जिथं मी स्वच्छतेचा पाठ शिकवत होते तिथं उभी राहून बोलले. कुणीतरी फिसकन हसलं. पुरुषांनी माना खाली घातल्या. माझ्या अंगावरची साडी कुणी फेडून घेतली असती तरी एवढं उघडं वाटलं नसतं.

साहेब चाचरले. त्यांनी मला, हळू आवाजात, गोळ्या दाखवायला सांगितलं. मी वर्गातल्या पेटीतून पुडी आणली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, “मेरे को इसका मालूम नहीं बाई. डाक्टर नको बोला तो नको.” आणि मग लोकांना म्हणाले, “इनको नको. बाकी सबको होना.”

तेवढ्यात माय पुढं आली. तोपर्यंत ती भिंतीला चिकटून उभी होती, चेहरा पांढराफटक. तिला वाटलं असणार, आता झाकायचं राहिलंच काय. ती अप्पांना म्हणाली, “डाक्टरनं अजून एक सांगितलंय. टोचलेल्या मानसाच्या फोडाजवळ, खपलीजवळ हिनं जायाचं न्हाई. त्येचं पानी लागलं तरी हिला उठंल.”

अप्पांनी ते ऐकलं. माझ्याकडं बघितलं नाही. बटण काढलं, बाही वर सारली आणि टेबलापुढं बसले. “पयला माजा घ्या,” म्हणाले. साहेबांनी सुई टोचली. मग माय बसली. मग चुलतआजी, नाकाचा शेंडा पुसत, तांब्या पायाशी ठेवून. दुपारपर्यंत वस्तीचं टोचून झालं. वरच्या आळीतले काही आले, काही नाही आले. तो बैलवाला आला होता, माझ्याकडं न बघता टोचून घेऊन गेला.

भालकीचं स्थळ आठवडी बाजाराच्या आत मोडलं. निरोप आणणाऱ्यानं कारण सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. माय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी बोलली ते गोळी घेतलीस का एवढंच.

बोलली तीही लांबून. कारण लस टोचली त्याच दिवशी मी शाळेत राहायला गेले होते. घरातले दोन्ही दंड टोचलेले, शेजारपाजार टोचलेला, पोरं टोचलेली. खपल्या गळून पडेपर्यंत शाळा बंद, आणि शाळेच्या खोलीत मी एकटी, एक सतरंजी, एक माठ आणि तो तांब्या घेऊन. आता तो उघडपणे न्यायला काही हरकत नव्हती. वस्तीनं माझी ताकीद अशी पाळली, की कौतुक करावं की रडावं कळेना. मी ओढ्याकडं निघाले की समोरून येणारं माणूस वाट सोडून बाजूला होई. बाया पोरांना ओढून घेत, “बाईंना लागू नगं, लांब हो, लांब!” मायेनं म्हणत, हे मला कळत होतं. तरी ‘लांब हो’ हे शब्द आमच्या कानांना कुठल्या आवाजात ओळखीचे आहेत, तेही कळत होतं.

पहिल्या दुपारी अप्पा भाकरी घेऊन आले. सकाळच्या प्रकारानंतर ते माझ्याशी बोलले नव्हते. दंडाला वारा लागावा म्हणून बाही दुमडलेली. ओसरीच्या खाली उभे राहिले. मी दारात आले आणि सवयीनं दोन्ही हात पुढं केले.

त्यांनी भाकरी असलेला हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. हाताला हात लागू द्यायचा नाही. मग एकच रीत उरत होती, वरून टाकायची. त्यांनी हात जरा उंच केला. माझी ओंजळ खाली, त्यांचा हात वर. त्या क्षणी आम्हा दोघांनाही एकदमच दिसलं, आपण कसे उभे आहोत ते. अप्पांनी जन्मभर वरच्या आळीतल्या दारांपुढं अशीच ओंजळ धरली होती. लहानपणी मीही, त्यांच्या शेजारी उभी राहून.

“असं न्हाई द्यायचं,” ते म्हणाले. “असं माज्या हातनं हुनार न्हाई.” भाकरी घेऊन ते परत गेले. आले ते घरातलं एकुलतं कांशाचं ताट घेऊन, पाहुण्याला काढायचो ते. ताट धुऊन आणलेलं, त्यात भाकरी, पिठलं, कांदा फोडून ठेवलेला. त्यांनी ते ओसरीच्या वरच्या पायरीवर मांडलं, मागं सरकत सरकत पार अंगणाच्या कडेला गेले आणि तिथं मातीत बसले.

“बस आन खा,” म्हणाले.

मी बसले. त्यांच्याकडं बघायची लाज वाटत होती, म्हणून ताटाकडं बघत होते. मग ते बोलले.

“देवीला पानी घातलं म्हनलीस, ते मी मानलं. राग आला, पर मानलं. पोरगी भ्याली आसंल, मानूस भेतं.” मग म्हणाले, “रगत पडतंय हे मला सांगू शकली न्हाईस तू. इतके महिने. त्यापरीस मी तुला देवीवाली समजावं, हे तुला बरं वाटलं. एवढा लांब हुबा हुतो का गं मी?”

भाकरीचा तुकडा तोंडात तसाच राहिला. ते तिथंच बसून राहिले, माझं ताट रिकामं होईपर्यंत.